तान्ह्या बाळाची मालिश-आंघोळ: तेलाच्या वाटीपासून लंगोटापर्यंत

तान्ह्या बाळाच्या न्हाणावरून घरात जेवढी मतं निघतात तेवढी दुसऱ्या कशावरून निघत नसतील. आजीला कडकडीत पाणी हवं असतं, मालिशवाल्या मावशींना अंग चांगलं रगडायचं असतं आणि डॉक्टर म्हणतात, काहीच करू नका. मधल्या मधे बाळाची आई गोंधळते. खरं तर आपली जुनी पद्धत मुळात चांगली आहे. रोज थोडा वेळ तेलाचा हात, कोमट पाणी आणि मग ऊबदार दुपटं, यात वावगं काही नाही. त्यातून तीन गोष्टी मात्र काढून टाकायला हव्यात: कढत पाणी, धूर आणि जोर. बाकी सगळा प्रश्न तयारीचा आणि क्रमाचा आहे.

कधी सुरू करायचं

जन्मानंतर निदान २४ तास आंघोळ घालू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर घासून काढायचा नाही. तो कातडीचं रक्षण करतो आणि आपोआप जिरतो.

घरी आल्यावर नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण ५ ते १५ दिवस, अंग नुसतं पुसून घेतलेलं बरं. दोन वाडग्यांत कोमट पाणी आणि दोन-तीन मऊ सुती फडकी घ्यायची. बाळ दुपट्यात गुंडाळलेलंच ठेवून एकेक भाग उघडायचा, पुसायचा, लगेच टिपून झाकायचा. आधी डोळे: नाकाकडच्या कोपऱ्यातून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाची वेगळी घडी. मग चेहरा, मानेच्या घड्या, काखा, हात, पाठ, पाय. जांघा आणि शी-शूची जागा सगळ्यात शेवटी, तीही दुसऱ्या फडक्यानं. मुलींचं पुढून मागे पुसायचं; उलट पुसलं तर शीतले जंतू लघवीच्या जागेला लागतात.

नाळेला काही लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही, राख तर मुळीच नाही. लंगोट किंवा डायपर नाळेच्या खाली दुमडा, म्हणजे ती हवेनं सुकते. पडताना रक्ताचा एखादा थेंब दिसला, बेंबी एक-दोन दिवस ओलसर राहिली तर घाबरायचं कारण नाही. भोवतालची कातडी लाल आणि गरम झाली, पू आला किंवा घाण वास येऊ लागला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं असेल किंवा वजन अडीच किलोहून कमी असेल, तर मालिश आणि आंघोळ दोन्ही डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. अशा बाळांच्या अंगावर चरबी कमी असते आणि पाच मिनिटं उघडं राहिलं तरी अंग गार पडतं.

रोज न्हाऊ घातलंच पाहिजे असंही नाही. तान्ह्या बाळाला आठवड्यातून दोन-तीन आंघोळी पुरतात. चेहरा, मान, काखा आणि ढुंगण रोज पुसलं की झालं. मुंबई-कोकणात चैत्र-वैशाखात घामानं मानेच्या घड्या चिकटतात, तिथे रोजची पाच मिनिटांची आंघोळ बाळाला सुखाची वाटते. नागपूर-नाशिककडच्या थंडीत एक दिवसाआड, तीही दहा-अकरानंतर, ऊन वर आल्यावर.

आधी सगळं हाताशी, मग बाळाचे कपडे

आंघोळीत बहुतेक गडबड होते ती एका कारणानं: बाळाला उघडं केल्यावर टॉवेल आठवतो. म्हणून कपडे काढण्यापूर्वी सगळं मांडून घ्यावं. खोलीत एका सतरंजीवर जुनी सुती चादर, तिच्यावर टॉवेल. तेलाची वाटी. बाजूला घालायच्या क्रमानं रचलेले कपडे, सगळ्यात वर लंगोट, त्याखाली झबलं, मग टोपरं, मग दुपटं. न्हाणीघरात पाट, पाणी कालवलेली बादली, लहान तांब्या किंवा मग, साबण. दाराजवळ उघडून ठेवलेला दुसरा कोरडा टॉवेल.

पंखा आणि एसी बंद. खिडक्यांतून थेट झोत येत नसला म्हणजे पुरे, खोली हवाबंद करू नका. तापमान २६-२७ अंश सेल्सिअस असावं. अंदाज असा की आपल्याला उकडायला लागलं नाही, पण पातळ सुती कपड्यात थंडीही वाजत नाही.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. नखं कापलेली हवीत. हात साबणानं धुऊन मगच बाळाला हात लावा, आणि हा नियम मावशींनाही लागू.

वेळ दुधाच्या हिशोबानं ठरवा. पोट भरल्या भरल्या मालिश केली की बाळ उलटी काढतं. अगदी भुकेलेलं असेल तर पहिल्या मिनिटापासून रडतं. दूध पाजून पाऊण-एक तास झाल्यावरची वेळ सगळ्यात सोयीची.

तेल कोणतं, किती

खोबरेल तेल चांगलं, शक्यतो घाण्याचं आणि बिनवासाचं. सूर्यफुलाचंही चालतं. मोहरीचं तेल नको. त्यानं कातडीचा रक्षक थर बिघडतो, कातडी लाल होते. ऑलिव्ह तेल महाग म्हणून चांगलं असा समज आहे, पण तेही तान्ह्या कातडीचा तोच थर सैल करतं. बदाम तेल वापरायचं असेल तर आधी थोडंसं लावून पाहा. नवं कुठलंही तेल पहिल्यांदा मांडीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा, २४ तास थांबा, पुरळ आलं नाही तरच अंगभर वापरा. लसूण-ओवा कढवलेलं तेल जपून. लसणीचा अर्क तान्ह्या कातडीला पोळवतो.

तीन किलोच्या बाळाला एक ते दीड चहाचा चमचा तेल पुरतं. जास्त घातलं की कातडी शोषत नाही, बाळ हातातून निसटतं आणि न्हाणीघराची फरशी निसरडी होते. थंडीत खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली थिजतं. ते गॅसवर धरू नका. वाटी दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवा आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहा.

मालिश

दहा ते पंधरा मिनिटं. खाली पाय पसरून बसा किंवा मांडी घालून. बाळ समोर उताणं. तेल आधी दोन्ही तळव्यांना चोळायचं, बाळाच्या अंगावर धार सोडायची नाही, कारण गार थेंबानं ते दचकतं.

पायांपासून सुरुवात करावी. छाती-पोटाला एकदम हात लावला तर बाळ अंग आक्रसून घेतं. पायाला लावलेला हात त्याला लवकर रुचतो. मांडीला दोन्ही तळव्यांत धरून हलक्या हातानं घोट्याकडे उतरत यायचं, पाच-सहा वेळा. मग तळपायावर अंगठ्यानं टाचेकडून बोटांकडे. बोटं एकेक हलकी दाबायची, ओढायची नाहीत. दुसरा पाय.

पोटावर तळवा सपाट ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गोल, म्हणजे बाळाच्या उजव्या कुशीकडून वर आणि डावीकडून खाली. मोठं आतडं याच दिशेनं जातं, म्हणून गॅस धरलेल्या बाळाला याचा आराम पडतो. त्यानंतर दोन्ही गुडघे दुमडून पोटाशी हलके आणायचे, पाच मोजायचे, सोडायचे. चार-पाचदा पुरे. नाळ पडलेली नसेल तर पोटाला हात लावू नका.

छातीवर मधून बाहेर, पुस्तकाची पानं सपाट करावीत तसे दोन्ही तळवे. हात खांद्यापासून मनगटापर्यंत. मुठी जबरदस्तीनं उघडायच्या नाहीत. मुठीच्या मागच्या बाजूनं बोट फिरवलं की त्या आपोआप सैल होतात. शेवटी बाळ पालथं करून पाठ: मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मानेकडून ढुंगणाकडे. मणक्यावर थेट दाब नको. पालथेपणाचा हा मिनिटभर मान सावरण्याचा सरावही होतो.

जोर किती? डोळा मिटून पापणीवर बोट ठेवा आणि डोळ्याला त्रास होणार नाही एवढं दाबा, तेवढाच. मालिश झाल्यावर कातडीवर लाल वळ राहत असतील तर हात जड पडतो आहे.

आता जे करायचं नाही ते. बाळाचा एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय एकमेकांना ताणून लावणं, सांध्यांचा आवाज काढणं, पाय धरून उलटं टांगणं, वर उडवणं हे सगळं बंद. तान्ह्याचे सांधे सैल असतात आणि मान डोक्याचं वजन पेलत नाही. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटीत धरून ओढणं, डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं यानं काही होत नाही. जन्माच्या वेळी लांबट झालेलं डोकं काही दिवसांत आपोआप जागेवर येतं. एका बाजूनं चपटं होऊ लागलं तर झोपवताना मान कधी या कुशीला, कधी त्या कुशीला वळवावी आणि जागेपणी थोडा वेळ पालथं ठेवावं.

छातीला गाठी आल्या, त्यातून दुधासारखा थेंब आला तर तो पिळून काढायची प्रथा फार धोक्याची आहे. आईच्या संप्रेरकांमुळे मुलगा-मुलगी दोघांनाही असं होतं आणि काही आठवड्यांत जातं. पिळलं तर जंतू शिरून गळू होतं. मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून पांढरं किंवा किंचित रक्ताळ जाणं हेही त्याच कारणानं. मुलाच्या शिश्नाची कातडी मागे सारून 'मोकळी' करायची नाही. ती वयानुसार सुटते.

कानात तेल नको, नाकात तर नकोच. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया चिवट असतो. टाळूवर बोटाच्या टोकानं थोडं तेल लावायला हरकत नाही, पण थोपटून 'टाळू भरायची' गरज नसते. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपल्या वेळेनं भरते, तेलाचा तिच्याशी संबंध नाही. तेल तिथे तसंच राहू दिलं तर खपल्या मात्र वाढतात. खपल्या धरल्याच तर आंघोळीआधी पंधरा मिनिटं थोडं तेल, मग मऊ ब्रशनं हलकं सैल करून धुऊन टाकायचं. नखानं खरवडायचं नाही.

मालिश झाल्यावर बाळ दुपट्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटं ठेवा. तासभर तेलात पडू देऊ नका.

पाणी

बाळाच्या आंघोळीचं पाणी ३७-३८ अंश सेल्सिअस असावं, आपल्या अंगाएवढं. आपल्या हाताच्या तळव्यावर विश्वास ठेवू नका. रोज भांडी-धुणी करणाऱ्या हाताला ४२ अंशही कोमट वाटतं. कोपर बुडवून पाहा. कोपराला ना गार ना गरम असं वाटलं तर पाणी बरोबर. तरंगता थर्मामीटर मिळत असेल तर तो घ्या, आजी आणि आई यांच्यातला वाद त्यानं चटकन मिटतो.

बादलीत नेहमी आधी गार, मग गरम. उलटं केलं तर गार पाणी ओतायच्या आधी कुणीतरी हात किंवा बाळ त्यात घालण्याचा धोका राहतो. साधारण प्रमाण असं: नळाचं पाणी २५ अंशांच्या आसपास असेल (उन्हाळा-पावसाळा) तर पाच तांबे गार आणि एक तांब्या उकळतं. हिवाळ्यात टाकीचं पाणी १८ अंशांपर्यंत उतरलं की तीन तांबे गार आणि एक उकळतं. गिझर ६० अंशांवर असेल तर उन्हाळ्यात पाच भाग गार, तीन भाग गरम. हे फक्त सुरुवातीचे अंदाज; ढवळून कोपरानं पाहिल्याशिवाय वापरायचं नाही. न ढवळलेल्या बादलीत वर कढत आणि तळाशी गार पाणी असतं, आणि पहिला तांब्या वरचाच भरला जातो.

गिझर घरात बाळ असेतो ५० अंशांवर आणून ठेवा. ६० अंशांचं पाणी तान्ह्या कातडीला क्षणात भाजतं. बाळाला आंघोळ चालू असताना बादलीत वरून गरम पाणी ओतायचं नाही. पाणी निवलं असेल तर आंघोळ आटपती घ्यायची.

कढत पाण्यानं बाळ 'शेकलं जातं' आणि मग गाढ झोपतं, असं म्हणतात. झोपतं खरं, पण रडून दमल्यामुळे. वर कातडी कोरडी पडते, आणि कढत पाण्यातून एकदम हवेत आलं की अंग झपाट्यानं गार होतं. आंघोळीनंतर अंग टोमॅटोसारखं लाल दिसत असेल तर ती प्रकृती नव्हे, पाणी गरम होतं.

पायांवर घेऊन

पाटावर बसून पाय लांब करून बाळाला नडग्यांवर निजवायची पद्धत खरोखर हुशारीची आहे. पाणी दोन्ही पायांमधून निघून जातं, बाळ साठलेल्या पाण्यात नसतं आणि आंघोळ घालणाऱ्याचे दोन्ही हात जवळच असतात. पण ती जमायला कंबर आणि गुडघे बरे हवेत. सिझेरियन झालेल्या आईनं पहिले सहा आठवडे यात पडू नये. आजी, मावशी किंवा बाबा यांनी बसावं. बाबांना न जमण्यासारखं यात काही नाही, नडगीवरचे केस तेवढे टोचतात म्हणून वर पातळ सुती पंचा अंथरावा.

पाट भिंतीला टेकवा, पाठीला आधार मिळतो. पाटाखाली रबरी चटई, कारण तेलकट फरशीवर पाट सरकतो. पाय जुळवून, गुडघे किंचित वर. बाळ उताणं: डोकं घोट्यांकडे, पाय आपल्या पोटाकडे. टाचा जुळवून पावलं थोडी बाहेर उघडली की डोक्याला आपोआप खोबण मिळते. डावा हात सतत बाळावर, उजव्या हातात तांब्या. तेल लागलेलं बाळ केव्हा सरकेल याचा नेम नसतो.

पहिलं पाणी पायांवर, मग पोटावर, छातीवर. तांब्या वीतभर उंचीवरूनच; उंचावरून पडणारी धार बाळाला दचकवते. काखा, मानेची घडी, जांघा यांत बोट घालून तेल आणि दुधाचे कण सोडवून घ्यायचे. मानेच्या घडीत जिरलेलं दूध हे आंबट वासाचं आणि लाल चट्ट्यांचं नेहमीचं कारण. मग बाळाला एका हातानं काखेखालून धरून पालथं करायचं: छाती नडग्यांवर, तोंड एका बाजूला वळलेलं, नाक-तोंड मोकळं. पाठ आणि ढुंगण धुवायचं. पालथं दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि तेवढा वेळ डोळे बाळाच्या तोंडावर.

डोकं सगळ्यात शेवटी. अंगाच्या मानानं बाळाचं डोकं मोठं असतं आणि ओलं झालं की तिथूनच सर्वांत जास्त ऊब जाते. कपाळावर डाव्या तळहाताची आडोशासारखी कड धरून पाणी मागच्या बाजूला ओता, चेहऱ्यावर धार येऊ देऊ नका. चेहरा नंतर ओल्या फडक्यानं.

सगळं मिळून पाच ते सात मिनिटं, एका बादलीत भागतं.

फ्लॅटमधल्या अरुंद न्हाणीत पाय पसरायला जागा नसते, आणि परदेशातल्या पुष्कळ घरांत न्हाणीच्या जमिनीला पाणी जायला वाटच नसते. तिथे टब. त्यात पाणी चार-पाच सेंटीमीटरच, बाळाच्या कमरेपर्यंत. डाव्या हातानं बाळाचा दूरचा दंड धरायचा, त्याची मान आपल्या मनगटावर टेकते. उजवा हात मोकळा. जाळीची झोळी किंवा तिरपी बैठक आधार देते, पण ती म्हणजे तुमचा हात नव्हे.

साबण आणि डाळीचं पीठ

नेहमीच्या अंगाच्या वडीचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ९-१० असतो, कातडीचा साडेपाचच्या जवळ. म्हणून तान्ह्यासाठी साबणविरहित सौम्य वॉश घ्यावा, बिनवासाचा असेल तर उत्तम. मटाराएवढा पुरतो, आणि तोही काखा, जांघा, मान यांनाच. पहिल्या महिन्यात नुसत्या पाण्यानंही चालतं. केसांना आठवड्यातून एकदा.

डाळीचं पीठ, साय आणि हळद यांचा लेप हा घरोघरचा आग्रह. पिठाचे कण घड्यांत अडकतात, भिजून आंबतात आणि घासताना कातडी खरचटते. अंगावरची लव पिठाच्या गोळ्यानं लाटून काढायचा तर प्रश्नच नाही. ती पहिल्या काही आठवड्यांत आपणहून गळते. सहा महिन्यांनंतर, कातडीवर पुरळ नसेल तर, वस्त्रगाळ पीठ दुधात पातळ कालवून फक्त हातापायांना हलकं लावलं तर आजीचंही मन राहतं. चेहरा आणि घड्या सोडून.

बाहेर काढल्यावर

पहिल्या अर्ध्या मिनिटात डोकं कोरडं करा, मग अंग. चोळू नका, टिपा. घड्यांमध्ये सुती कापडाचं टोक घालून ओल काढायची. कातडी किंचित दमट असतानाच, तीन-चार मिनिटांत, थेंबभर खोबरेल किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं मॉइश्चरायझर लावलं की ते मुरतं. कातडी कोरडी असलेल्या बाळांना आंघोळीआधीच्या तेलापेक्षा या नंतरच्या थेंबाचा उपयोग जास्त.

धुरी नको. शेगडीत निखारे, वर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकून त्यावर दुपटं किंवा बाळ धरलं जातं. कुठल्याही धुरानं तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्यांना सूज येते. बंद खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो आणि आई-बाळ दोघं झोपेतच बेशुद्ध पडू शकतात. ऊब हवी तर दुपटं इस्त्रीखाली घालून, हाताला कोमट लागेपर्यंत थांबून मग गुंडाळा. ओव्याचा वासच हवा असेल तर पुरचुंडी पाळण्यापासून दूर, उशाच्या भिंतीला टांगा.

पावडरीची गरज नाही. तिचा भुगा श्वासात जातो आणि घडीत घामाशी मिसळून गोळे होतात. काजळ डोळ्यांत नको: बाजारी काजळात शिसं सापडतं, घरच्या काजळात काजळी आणि बोटावरचे जंतू असतात, आणि अश्रूंची बारीक नळी बुजते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तर तळपायाला लावा.

नखं याच वेळी कापा, पाण्यानं मऊ झालेली असतात. गोल टोकाची छोटी कात्री, बोटाचं मांस मागे ओढून, सरळ रेषेत.

लंगोट, झबलं, मग टोपरं केस सुकेपर्यंत. झोपताना घरात टोपरं काढून ठेवा. दुपट्यात हात गुंडाळले तरी पाय सरळ ताणून बांधू नका. कमरेखाली बेडकासारखे दुमडायला जागा हवी, नाहीतर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. मग दूध. आंघोळीनंतरची झोप मोठी असते. बाळ पाठीवर निजवायचं, आजूबाजूला उशा-लोड काही नको.

कोवळ्या उन्हात पाच-दहा मिनिटं बसवलं तर छान वाटतं, पण काविळीवर ऊन हा उपचार नाही. पिवळेपणा हातापायांच्या तळव्यांपर्यंत पोचला असेल तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या वर्षी व्हिटॅमिन डी रोज ४०० युनिट थेंबांतून द्यायचं असतं. उन्हावर सोडून देऊ नका.

लस, ताप, सर्दी

डाव्या दंडावरच्या बीसीजीच्या (क्षयरोगाच्या लसीच्या) जागी काही आठवड्यांनी फोड येतो, पिकतो, व्रण राहतो. त्यावर तेल नको, दाब नको. पाणी लागलं तर टिपून घ्या. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या टोचायच्या लसी बहुतेक मांडीत असतात. त्या मांडीला दोन दिवस मालिश करू नका, आंघोळ मात्र चालते. गाठ चोळून जिरवायची नसते, ती आपली वेळ घेते.

सर्दी आहे, पण बाळ पितं आहे, खेळतं आहे, तर कोमट पाण्यानं अंग पुसा. ताप असेल तर मालिश बंद. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) ताप भरला, दूध सोडलं, श्वास जोरात चालू लागला किंवा अंग गळल्यासारखं झालं, तर आंघोळ-बिंघोळ बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.

न्हाणाची वेळ ही रोज संपूर्ण अंग बघायचीही वेळ आहे. बेंबी, घड्या, टाळू (खोल गेली आहे का, फुगली आहे का), एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी हलतो का. मांडीवरच्या घड्या दोन्हीकडे वेगळ्या दिसत असतील तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

मावशी येत असतील तर

पहिल्याच दिवशी बोलणं उत्तम, आणि बोलणं डॉक्टरांच्या नावावर ढकललेलं बरं पडतं: “मावशी, डॉक्टरांनी पाणी एवढंच सांगितलंय, मी काढून देते.” पाणी कालवायचं काम आपल्याकडे घेतलं की अर्धी लढाई जिंकली. तेल आपलंच वापरायला द्या. पहिले पंधरा दिवस शेजारी बसून राहा. मावशींना खोकला-ताप असेल किंवा हाताला नायटा-खरूज असेल त्या दिवशी सुट्टी, पैसे न कापता. पैसे कापले तर पुढच्या वेळी त्या आजार लपवतील.

पालथं पडू लागल्यावर

चार-पाच महिन्यांनी बाळ कूस बदलतं आणि पायांवर ठरत नाही. मालिश आता जमिनीवरच, हातात खुळखुळा देऊन, पाच मिनिटांत. बसू लागलं की उथळ टब किंवा रुंद प्लास्टिकची पाटी, तळाशी रबरी चटई. नळाचं तोंड गरम असतं आणि बाळाचा हात नेमका तिकडे जातो, म्हणून त्याला नळाकडे पाठ करून बसवा.

दाराची बेल वाजली, फोन आला, दूध उतू गेलं, तरी बाळाला पाण्यात एकटं सोडायचं नाही, मोठ्या भावंडावरही सोपवायचं नाही. जायचंच असेल तर टॉवेलात गुंडाळून बरोबर न्या. बोटभर पाण्यातही तान्हं बाळ बुडतं, आणि ते ओरडत नाही. रांगायला लागलेलं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, डोकं जड असल्यानं आत कलंडतं आणि बाहेर येऊ शकत नाही. तेव्हा आंघोळ संपली की बाळाला कोरडं करून दुसऱ्याच्या हाती द्या, आणि आधी बादली ओतून पालथी घाला, मग तेलकट फरशी साबणानं घासून न्हाणीचं दार बाहेरून लावा.